सांगण्याची ओढ आणि लिहिण्याचा आनंद : लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’च्या निमित्ताने

प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापकाच्या जीवनात लेखन आज प्रामुख्याने कर्तव्य म्हणून येते. शोधनिबंध, प्रकल्पांचे प्रस्ताव, मूल्यांकनाचे अहवाल, पदोन्नतीसाठी सादर करावयाची प्रपत्रे या सर्वांसाठी आपण लिहितो. विद्यार्थीही परीक्षेसाठी लिहितो. दोघेही भरपूर लिहितात. परंतु लिहिताना आनंद झाला असे दोघांपैकी क्वचितच कोणी सांगतो. याउलट हीच माणसे शिक्षक-कक्षात, बसथांब्यावर किंवा शेताच्या धुऱ्यावर बसली की रंगून जाऊन एखादी हकिकत सांगतात. ऐकणारे हसतात, हळहळतात, पुढे काय झाले म्हणून विचारतात. सांगताना जी माणसे इतकी समर्थ असतात, ती लिहिताना अशी कोरडी का होतात, हा या लेखाचा मूळ प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर सिद्धांतापेक्षा एखाद्या उदाहरणातून शोधणे अधिक फलदायी ठरेल. मराठीत असे एक ठळक उदाहरण उपलब्ध आहे. शालेय शिक्षण जवळजवळ न मिळालेल्या, उतारवयात लेखणी हाती घेतलेल्या लक्ष्मीबाई टिळक यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र मराठी गद्याचे एक शिखर मानले जाते. प्रस्तुत लेखात लक्ष्मीबाईंच्या कथनप्रेमाचे लेखनात रूपांतर कसे झाले, या प्रवासाला आपल्या विदर्भातील परंपरेत कोणता आधार सापडतो आणि आपल्या वर्गखोल्यांसाठी त्यातून काय घेता येईल, या तीन मुद्द्यांचा विचार केला आहे.

लक्ष्मीबाई टिळक : जीवन आणि नागपूरचा संबंध

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या उठावाच्या प्रकरणात फाशी झाली होती. त्या आघाताचा परिणाम लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर इतका खोल झाला की त्यांना सोवळ्याओवळ्याचे वेड जडले आणि त्याचा जाच साऱ्या घराला सोसावा लागला. हा प्रसंग मूलतः शोकात्म आहे. परंतु लक्ष्मीबाई तो ज्या पद्धतीने सांगतात त्यात वाचकाला एकाच वेळी हसू येते आणि गलबलूनही येते. दुःखाकडे थोड्या अंतरावरून, मिश्कीलपणे पाहण्याची ही वृत्ती पुढे संपूर्ण ग्रंथभर टिकून आहे.

वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळक कवी होते, विद्वान होते, तसेच शीघ्रकोपी, उदार आणि अत्यंत लहरीही होते. न सांगता घरातून निघून जाणे, हातातील पैसा दुसऱ्याला देऊन मोकळे होणे, आज एक नोकरी तर उद्या दुसरी, अशी त्यांची रीत होती. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख करून देण्याचा उद्योगही त्यांनीच आरंभला. मात्र हे शिक्षण कधीच सलग झाले नाही.

या भटकंतीत हे कुटुंब नागपुरासही आले. १८९१ च्या सुमारास नागपूरचे धनिक अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळकांनी वाङ्मयीन काम केले. ज्या आडनावाचा उच्चार आपण बुटीबोरी या गावनावात रोज करतो, त्याच आडनावाच्या या आश्रयदात्याचे घर ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकाला भेटते, ही गोष्ट या परिसरातील अध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी अशी आहे. पुढे १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाशी टिळकांची गाठ पडली. त्या संभाषणातून सुरू झालेल्या विचारमंथनाची परिणती म्हणजे फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबई येथे त्यांनी घेतलेली ख्रिस्ती धर्माची दीक्षा होय.

या घटनेने लक्ष्मीबाईंच्या आयुष्याचे दोन तुकडे झाले. काही वर्षे त्या पतीपासून दूर, पंढरपूर येथे आपल्या नातलगांच्या आधाराने राहिल्या. याच एकाकी काळात त्यांच्या दुःखाला पद्याचे रूप मिळू लागले. कालांतराने त्या टिळकांकडे परतल्या, दीर्घ आत्मसंघर्षानंतर जातिभेदाची कल्पना त्यांनी मनातून काढून टाकली आणि १९०० साली स्वतंत्र विचाराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. अहमदनगर येथील त्यांचे घर पुढे कवींचे घर झाले. बालकवी ठोमरे यांना त्यांनी पुत्रवत् मानले.

‘स्मृतिचित्रे’ची निर्मिती

टिळकांचे निधन १९१९ मध्ये झाले. त्यांचे चरित्र सिद्ध व्हावे या हेतूने त्यांचे पुत्र देवदत्त यांनी आईला आठवणी लिहून काढण्याचा आग्रह केला. येथे एक महत्त्वाची बाब लक्षात घेतली पाहिजे. लक्ष्मीबाई ‘ग्रंथ’ लिहावयास बसल्या नाहीत. त्या मुलाला त्याच्या वडिलांची गोष्ट सांगावयास बसल्या. ऐकणारा समोर होता, त्याला ऐकण्याची उत्सुकता होती आणि सांगणारीजवळ सांगण्यासारखे आयुष्य होते. पतीचे चरित्र म्हणून सुरू झालेली ही हकिकत सांगता सांगता त्यांचे स्वतःचे आत्मचरित्र झाली. नियतकालिकातून हे लेखन क्रमशः प्रसिद्ध होत गेले व पुढे १९३४ ते १९३६ या काळात ते चार भागांत ग्रंथरूप झाले. फेब्रुवारी १९३६ मध्ये लक्ष्मीबाईंचे निधन झाले. म्हणजे त्या अखेरपर्यंत लिहीत होत्या. टिळकांनी आरंभ केलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही त्यांनीच पुढे नेले व ते त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ साली प्रकाशित झाले.

‘स्मृतिचित्रे’चे इंग्रजी भाषांतर १९५० मध्ये जोसेफाइन इंकस्टर यांनी केले आणि शांता गोखले यांनी केलेले नवे भाषांतर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. एका अल्पशिक्षित स्त्रीने घरगुती बोलीत सांगितलेली गोष्ट ऐंशीहून अधिक वर्षांनी नव्याने भाषांतरित करावीशी वाटते, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

या गद्याची वैशिष्ट्ये थोडक्यात पुढीलप्रमाणे सांगता येतील. पहिले, रचना प्रसंगांची आहे. शीर्षकातील ‘चित्रे’ हा शब्द अत्यंत नेमका आहे. एकेक प्रसंग स्वतंत्रपणे सांगता येईल असा आहे. दुसरे, वाक्ये लहान आणि बोलण्याच्या लयीतील आहेत. संवादांना भरपूर जागा आहे. तिसरे, विनोदाचा रोख बहुधा स्वतःवर आहे. चौथे, पतीचा उल्लेख त्या केवळ ‘टिळक’ असा करतात. या एका शब्दात जवळीकही आहे आणि निरीक्षकाला लागणारे अंतरही आहे. पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, त्या कोणावरही निकाल देत नाहीत. ज्या माणसाने आपल्याला इतके सोसावयास लावले त्याची गोष्ट त्या प्रेमाने, परंतु काहीही न झाकता सांगतात. ही पाचही वैशिष्ट्ये मुळात चांगल्या कथेकऱ्याची आहेत. आयुष्यभर ऐकून व सांगून ती त्यांच्या अंगी मुरली होती; लेखणीने ती फक्त कागदावर उतरवली.

विदर्भातील परंपरा : सांगणे, टिपणे आणि लिहिणे

लक्ष्मीबाईंचे उदाहरण अपवादात्मक वाटले तरी मराठी गद्याचा उगमच मुळी सांगण्यातून झालेला आहे आणि तो उगम आपल्या विदर्भात आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभट यांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. श्रीचक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर ज्यांनी त्यांना पाहिले होते, ऐकले होते, अशा व्यक्तींकडे जाऊन म्हाइंभटांनी आठवणी गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्यांची शहानिशा करून घेतली. आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही क्षेत्रकार्यावर आधारित मौखिक इतिहासाची पद्धती होय. परिणामी ‘लीळाचरित्रा’तील माणसे बोलतात, रुसतात, जेवतात, चुकतात. ग्रंथाची मूळ प्रत नष्ट झाल्यावर अनुयायांनी तो स्मरणाच्या आधारे पुन्हा सिद्ध केला, ही परंपरेने सांगितलेली हकिकतही मौखिक स्मृतीचे सामर्थ्य दाखवणारी आहे. त्याच रिद्धपूर येथे आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे.

याच संप्रदायातील आणखी एक प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. ‘दृष्टांतपाठ’कर्ते केशिराजबास हे संस्कृतज्ञ होते. त्यांनी संस्कृतात लिहिण्याचा मार्ग धरला तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना रोखले. संप्रदायातील साध्यासुध्या म्हाताऱ्या स्त्रिया अशाने ज्ञानाला मुकतील, असे त्यांचे म्हणणे होते. भाषेची निवड लेखकाच्या प्रतिष्ठेवरून न ठरवता ऐकणाऱ्याच्या गरजेवरून ठरवावी, हा त्यामागील विचार सातशेहून अधिक वर्षांनंतरही आपल्याला मार्गदर्शक ठरतो.

आधुनिक काळात नागपूर जिल्ह्यातीलच नरखेड येथे १९१४ साली जन्मलेले वामन कृष्ण चोरघडे यांनी अध्यापनाचे काम करीत आयुष्यभर कथालेखन केले. १९७९ साली चंद्रपूर येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. अध्यापकाचा पेशा आणि कथेची ओढ ही परस्परविरोधी नाहीत, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते. पश्चिम महाराष्ट्रात व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी कथाकथनाचे कार्यक्रम गावोगाव नेले आणि लिहिलेली कथा पुन्हा श्रोत्यांच्या पुढ्यात ठेवली. म्हणजे सांगण्यातून लिहिण्याकडे जाणारा रस्ता उलट दिशेनेही चालता येतो.

खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८० – १९५१) यांचे उदाहरण मात्र वेगळ्या कारणाने लक्षात ठेवावे लागते. त्यांना लिहिता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करताना त्यांच्या मुखातून येणाऱ्या रचना जवळच्या माणसांनी टिपून ठेवल्या नसत्या, आणि पुत्र सोपानदेव यांनी त्या आचार्य अत्रे यांच्यापुढे ठेवल्या नसत्या, तर १९५२ चा तो संग्रह निघाला नसता. ज्या घरात टिपणारा कोणी नव्हता अशा घरांतील किती बहिणाबाई विस्मृतीत गेल्या असतील, याची गणना कोणालाही करता येणार नाही.

लेखनाचा आनंद कोठून येतो?

लेखनातून मिळणाऱ्या आनंदाचा विचार मानसशास्त्रानेही केला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, दररोज १५ मिनिटे लिहावयास सांगितले होते. ज्यांनी आयुष्यातील क्लेशकारक अनुभवाविषयी घटना आणि भावना या दोन्ही अंगांनी लिहिले, त्यांना लिहिताना त्रास झाला. परंतु पुढील काही महिन्यांत त्यांचे आरोग्य केंद्राकडे जाणे तुलनेने कमी झाले. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा परिणाम सौम्य असल्याचे आढळले, त्यामुळे लेखनाला रामबाण औषध मानणे योग्य नाही. तथापि पेनेबेकर यांचे पुढील निरीक्षण आपल्या विषयाशी निगडित आहे. ज्यांच्या लेखनात दिवसागणिक कार्यकारणभाव दर्शवणारे शब्द वाढत गेले, म्हणजेच विखुरलेल्या अनुभवाची हळूहळू सुसंगत गोष्ट होत गेली, त्यांना अधिक लाभ झाला.

दुसरा उपयुक्त विचार मिहाय चिकसेंटमिहाय यांचा आहे. काम आपल्या क्षमतेला आव्हान देणारे, परंतु आवाक्यातील असेल, ध्येय स्पष्ट असेल आणि प्रतिसाद लगेच मिळत असेल तर माणूस त्यात तल्लीन होतो व त्याला काळाचे भान राहत नाही, असे त्यांनी १९९० च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात मांडले. गोष्ट सांगताना या सर्व अटी आपोआप पूर्ण होतात. श्रोत्याचा चेहरा हाच प्रतिसाद असतो. लिहिताना मात्र तो चेहरा नाहीसा होतो आणि त्याच्या जागी परीक्षक येऊन बसतो. सांगताना समर्थ असलेली माणसे लिहिताना कोरडी का होतात, याचे उत्तर येथे आहे. लक्ष्मीबाईंच्या लेखनात परीक्षक शिरलाच नाही. त्यांच्यासमोर अखेरपर्यंत ऐकणारा मुलगा होता.

वर्गातील एक अनुभव

येथे एक स्वानुभव नमूद करणे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने पदवीच्या प्रथम वर्षाच्या वर्गाला घरातील ज्येष्ठ व्यक्तीविषयी लिहून आणण्यास सांगितले. बहुतेकांनी मार्गदर्शकातील निबंधाची नक्कल आणली. एका विद्यार्थिनीने मात्र आपल्या आजीने सांगितलेली हकिकत लिहिली होती. कारखाने येण्यापूर्वी ज्या जागी वावर होते, तेथे पऱ्हाटी वेचताना आलेला पाऊस आणि ओल्या कापसाचे ओझे घेऊन आजीने गाठलेले घर, असा तो प्रसंग होता. लेखन आजीच्या बोलीत होते. प्रस्तुत लेखकाने लाल शाईने ‘वावर’ खोडून ‘शेत’ केले, ‘पऱ्हाटी’ खोडून ‘कपाशी’ केले, ‘बुढी’ खोडून ‘आजी’ केले, ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दाखवल्या आणि वही परत केली. पुढच्या वेळी तिनेही मार्गदर्शकातील निबंध आणला. तो शुद्ध होता.

ती वही आठवली की आजही अस्वस्थ वाटते. प्रमाणभाषा शिकवणे हे अध्यापकाचे कर्तव्य आहे, यात शंका नाही. परंतु कर्तव्याचाही क्रम असतो. आधी ऐकावयाचे असते आणि मग दुरुस्त करावयाचे असते. तो क्रम चुकला. नागदेवाचार्यांनी ज्या म्हाताऱ्यांसाठी संस्कृताचा आग्रह मोडून काढला, त्यांच्याच वारस असलेल्या एका म्हातारीची गोष्ट एका मराठीच्या अध्यापकाने लाल शाईने थांबवली, असेच म्हणावे लागेल.

बुटीबोरी परिसराच्या बाबतीत हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. औद्योगिक वसाहतीमुळे या भागाचे रूप एकदोन पिढ्यांतच पालटले. शेतीवर जगणारी आजी, कारखान्यात पाळीने काम करणारे वडील आणि महाविद्यालयात शिकणारी मुलगी अशा तीन पिढ्या एकाच घरात आहेत. विदर्भातील व विदर्भाबाहेरील विविध ठिकाणांहून आलेली कुटुंबे शेजारी राहत आहेत. या स्थित्यंतराची आकडेवारी शासकीय अहवालांत मिळेल. त्याची गोष्ट मात्र या घरांतच आहे आणि ती सांगणारी पिढी दरवर्षी कमी होत आहे.

काही सूचना

वरील विवेचनाच्या आधारे महाविद्यालयीन स्तरावर पुढील उपक्रम सहज करता येतील.

१) लेखनापूर्वी कथन : निबंध लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्याने तोच प्रसंग वर्गात पाच मिनिटे तोंडी सांगावा. श्रोत्यांनी विचारलेले प्रश्न हाच त्याच्या लेखनाचा आराखडा ठरतो.

२) दोन वाचनांची पद्धत : पहिल्या वाचनात अध्यापकाने लेखणी हाती घेऊ नये. ‘पुढे काय झाले?’ एवढाच प्रश्न विचारावा. शुद्धलेखनाची दुरुस्ती दुसऱ्या खर्ड्यात करावी.

३) बोलीला स्थान : संवाद आणि वस्तूंची नावे बोलीत ठेवण्याची मुभा द्यावी व आवश्यक तेथे अर्थ द्यावा. यातून परिसरातील शब्दांचा संग्रहही आपोआप तयार होईल.

४) टिपण्याचे काम : म्हाइंभटांच्या पद्धतीने विद्यार्थ्यांनी घरातील ज्येष्ठांच्या आठवणी त्यांच्या संमतीने टिपाव्यात व जाणत्या व्यक्तीकडून पडताळून घ्याव्यात. या कामात इतिहास, समाजशास्त्र, वाणिज्य आणि विज्ञान शाखेचे विद्यार्थीही सहभागी होऊ शकतात.

५) अध्यापकांचे लेखन : महिन्यातून एकदा अध्यापकांनी एकत्र बसून गुणांकनाशी संबंध नसलेले काही लिहावे आणि वाचून दाखवावे. ज्याला स्वतः लिहिण्याचा आनंद मिळत नाही, तो तो आनंद विद्यार्थ्याला देऊ शकत नाही.

समारोप

कथनाची ओढ ही जवळजवळ प्रत्येकाला लहानपणीच लागते. ती आयुष्यभर टिकते की नाही हे आपल्याला कोणी ऐकणारे भेटते की नाही यावर अवलंबून असते. लक्ष्मीबाईंना देवदत्त भेटले, बहिणाबाईंना सोपानदेव भेटले, चक्रधरस्वामींच्या आठवणींना म्हाइंभट भेटले. या तिन्ही ठिकाणी ऐकणाऱ्याने सांगणाऱ्याच्या भाषेचा मान राखला, म्हणून मराठीला हे धन लाभले. आपल्या समोर बाकांवर बसलेल्या मुलामुलींच्या बाबतीत ती जबाबदारी आता अध्यापकावर आहे. त्यांच्यापैकी प्रत्येक जण लेखक होणार नाही, आणि होण्याची आवश्यकताही नाही. परंतु आपल्या घरातील एक गोष्ट आपल्या शब्दांत लिहून काढण्याचा आनंद प्रत्येकाला मिळावा, एवढी अपेक्षा निश्चितच बाळगता येते. त्यासाठी नव्या अनुदानाची वा नव्या अभ्यासक्रमाची गरज नाही. पुढची वही हाती येईल तेव्हा लाल शाईची लेखणी काही वेळ बाजूला ठेवली तरी पुरेसे आहे.